ठिसूळ हाड आणि स्क्रूची पकड

मोडलेलं हाड धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, आणि स्क्रू लावून सांधतात. त्यावरच मघाशी एक चिठ्ठी आली: 'स्क्रू ढिला पडला म्हणता, मग बसवतानाच आणखी आवळायचा होता ना?' सुरुवात इथूनच करू. कारण ठिसूळ हाडात नेमका तो शेवटचा पाव फेरा घात करतो.

जुन्या धाटणीची प्लेट घर्षणावर चालते. स्क्रू आवळला की प्लेट हाडावर दाबली जाते आणि त्या दाबामुळे तुटलेले तुकडे सरकत नाहीत. म्हणजे सगळी मदार स्क्रूच्या आट्यांनी हाडात धरलेल्या पकडीवर. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ करणाऱ्या आजारात, हाडाची बाहेरची कवची पातळ होते, आतली जाळी विरळ होते. स्क्रू घट्ट होत चालल्याचं हाताला जाणवतं, जरा जोर लावावा तर एकदम सैल! आटे गेले. मग तो स्क्रू कितीही फिरवा, नुसता फिरतो. आणि समजा तेव्हा बसला, तरी पेशंट हालचाल करू लागला की स्क्रू आपल्या भोकात डुलतो, भोक मोठं होतं. एक निसटला की त्याचा भार शेजारच्यावर. एक्स-रेत प्लेट शाबूत, स्क्रू शाबूत, फक्त स्क्रूंची डोकी ओळीनं वर आलेली दिसतात. धातू तुटायच्या आधी हाडानं सोडून दिलेलं असतं.

2000च्या आसपास लॉकिंग प्लेट प्रचारात आल्या. यात स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत अडकतात. स्क्रूचा कोन पक्का होतो, तो डुलत नाही. सगळे स्क्रू मिळून भार घेतात. एकेक करून निसटायची सोय उरत नाही. शिवाय प्लेट हाडावर दाबावी लागत नसल्यानं हाडावरच्या आवरणाचा रक्तपुरवठाही बराचसा वाचतो.

पण ही प्लेट हाताला फसवते. स्क्रू घट्ट लागतो तो धातूत धातू अडकल्यामुळे. पलीकडे हाडाचा भुगा असला तरी हात म्हणतो, 'झकास बसला.' दुसरं, लॉकिंग स्क्रू हाड प्लेटकडे ओढून घेत नाही. तुकडे आधी नीट जुळवून घ्यावे लागतात. फट ठेवून लॉक केलंत तर फटही लॉक होते.

भोक दिसलं की स्क्रू घालायचा, हा मोह नवशिक्यांना फार. सगळी भोकं भरली की सांधणी इतकी ताठ होते की नवं हाड धरायला जी किंचित हालचाल लागते तीच बंद पडते. बरेच तुकडे झाले असतील तर प्लेट लांब घ्यावी, तुटलेल्या भागाच्या दुपटी-तिपटीची, आणि निम्म्याहून कमी भोकं भरावीत. तुटल्या जागेजवळची दोन-तीन रिकामीच बरी. कवची पातळ असेल तर स्क्रू पलीकडच्या कवचीतूनही पार न्यावा, एकाच कवचीत आट्यांना धरायला फार थोडी जागा मिळते.

खांद्याची तऱ्हा वेगळी. दंडाच्या हाडाचा गोळा आतून पोकळ झालेला असतो. स्क्रू जागच्या जागी राहतो आणि गोळाच त्याच्यावर खचतो. टोक सांध्यात घुसतं. म्हणून गोळ्याच्या आतल्या, खालच्या बाजूला टेकू देणारा तिरपा स्क्रू सोडायचा नसतो. कधी हाडाची पट्टी आत घालतात, कधी स्क्रूच्या टोकाशी हाडात वापरायचं सिमेंट भरतात.

खुब्यात स्क्रूचं टोक मांडीच्या हाडाच्या गोळ्यात कुठे पोचतं हे महत्त्वाचं. 1995 साली हाडांचे सर्जन बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी ते मोजायची रीत दिली: समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेत टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. त्यांनी तपासलेल्या पेशंटांत ही बेरीज 25 मिलिमीटरच्या आत होती तिथे एकही स्क्रू गोळा फाडून बाहेर आला नाही. इतकं साधं मोजमाप, पण ऑपरेशन टेबलावरच करता येतं.

नातेवाईक विचारतात, 'पाय किती दिवस टेकवायचा नाही?' वयस्कर माणसाला एका पायावर उड्या मारत चालता येत नाही, आणि अंथरुणाला खिळला तर न्यूमोनिया, पायातल्या रक्ताच्या गाठी. शक्य तिथे लवकर भार देता येईल अशीच सांधणी आखावी लागते.

प्लेट बसली तरी हाड ठिसूळच असतं. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलेल्या बाईला प्लास्टर घालून घरी पाठवतात, ऑस्टिओपोरोसिसची तपासणी आणि औषधं कुणी लिहून देत नाही, हे मला अजून खटकतं. आणि प्लेट काढायची का? उतारवयात त्रास देत नसेल तर सहसा नाही.