हलका गळ, मऊ आमिष : हिप्परग्याच्या काठावरून

(दृश्य : पहाट. तलावाचा बांध. दूर तुळजापूर रस्त्यावरून सरकणारे वाहनांचे दिवे.)

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाल्यावर शहर मागे पडते न पडते तोच एक विस्तीर्ण पाणी दिसू लागते. कागदोपत्री त्याचे नाव एकरुख तलाव असले तरी सोलापूरकरांच्या तोंडी ते हिप्परगा तलाव असेच आहे. आदिला नदीवर मातीचा बांध घालून तयार केलेला हा तलाव १८७१ साली पूर्ण झाला, म्हणजे या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांना दीडशे वर्षांची परंपरा आहे असे म्हणायला हरकत नाही. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, खाली शिसे, वर तरंगा आणि गळाला कणकेचा गोळा किंवा गांडूळ, एवढ्या सामग्रीवर इथे मासे धरले गेले आणि आजही धरले जातात.

अलीकडे या बसलेल्या माणसांच्या शेजारी एखादा तरुण उभा दिसतो. त्याच्या हातात करंगळीएवढ्या जाडीची लवचीक काठी असते, तिला छोटे रीळ असते आणि दोऱ्याच्या टोकाला रबरासारखा, शेपूट हलवणारा, दोन-अडीच इंचांचा खोटा मासा लोंबत असतो. तो आमिष पाण्यात सोडून वाट पाहत नाही. फेकतो, ओढतो, दोन पावले सरकतो आणि पुन्हा फेकतो. हाच हलका गळ. जुन्या मंडळींना हा खेळ थोडा पोरकट वाटतो. आमच्या चित्रीकरणात दिसणारे काका आयुष्यभर यंत्रमागावर काम करून निवृत्त झालेले आहेत, आणि पहिल्या दिवशी तो मऊ मासा चिमटीत धरून त्यांनी विचारले होते, “ह्याला ना वास, ना चव. मासा कशाला येईल बाबा ह्याच्याकडं?”

प्रश्न योग्य होता, आणि या निवेदनाचा मोठा भाग त्याच्याच उत्तरात जाणार आहे.

(दृश्य : तळहातावर निरनिराळी मऊ आमिषे. गांडुळाच्या आकाराचे, कोयत्यासारख्या वळलेल्या शेपटीचे, चपट्या शेपटीचे.)

ही आमिषे पीव्हीसीची असतात. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे दाट मिश्रण तापवून साच्यात ओतले की गार झाल्यावर ते लवचीक होते. टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील ॲक्रन या शहरात निक क्रीम यांनी १९४९ साली अशा प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले, आणि आज दुकानात मिळणारे सगळे प्रकार त्याच घराण्यातले आहेत.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्लॅस्टिकमध्ये नसून माशाच्या शरीरात आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. पाण्यातील सूक्ष्म कंप या रेघेला जाणवतात, त्यामुळे गढूळ पाण्यात, जिथे डोळ्यांचा उपयोग अर्ध्यावर येतो, तिथेही शिकारी माशाला आपल्या भक्ष्याची चाहूल लागते. मऊ आमिषाची चपटी शेपटी ओढताना डावी-उजवीकडे फडफडते आणि छोटा मासा पोहत असल्यासारखा कंप पाण्यात सोडते. तोंडात घेतल्यावरही ते लाकडासारखे कठीण लागत नाही, म्हणून मासा ते क्षणभर अधिक धरून ठेवतो. धरणाऱ्याला हवा असतो तो हाच क्षण.

अर्थात सगळेच मासे या फसवणुकीला बळी पडत नाहीत, आणि नव्या माणसाची निराशा बहुधा इथेच होते. आपल्या तलावांत सोडले जाणारे कटला आणि रोहू हे शिकार करणारे मासे नव्हेत. कटला पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहूचा भर वनस्पतींवर असतो. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा, आणि त्या बाबतीत काकांच्या पिढीला शिकवण्यासारखे काहीही नाही. मऊ आमिषाचा खरा गिऱ्हाईक म्हणजे मरळ. तिच्या खालोखाल तळाशी फिरणारा शिंगाडा, आणि अधूनमधून चिलापी. भारतात १९५२ साली आणली गेलेली चिलापी आज उजनी धरणाच्या पाण्यात इतकी माजली आहे की त्या भागातल्या खानावळींच्या पाट्यांवर तिचेच नाव आढळते. ती एरवी शेवाळ आणि बारीकसारीक खाणारी. पण विणीच्या काळात उथळ पाण्यात ताटासारखा गोल खड्डा करून नर त्याची राखण करतो, आणि दीड इंचाचे आमिष त्या खड्ड्यात उतरले की भूक नसतानाही त्यावर धावून जातो.

(दृश्य : रीळ, काठी आणि दोऱ्याची गुंडाळी. काकांचे हात.)

आता सामग्रीकडे वळू. नवशिक्याने ६ ते ७ फुटांची, हलक्या जातीची स्पिनिंग काठी घ्यावी. मुठीच्या वर बारीक अक्षरांत ती किती वजनाचे आमिष फेकू शकते हे छापलेले असते. २ ते १० ग्रॅम असा आकडा दिसला तर ती काठी आपल्या कामाची. रीळ २००० किंवा २५०० या क्रमांकाच्या आकाराचे पुरते. काठी आणि रीळ यांवर फार विचार करू नये, कारण मध्यम किमतीच्या वस्तू हे काम व्यवस्थित करतात. पैसे आणि लक्ष खर्च करायचे ते दोऱ्यावर.

दोऱ्याची गोष्ट सोलापुरात सांगायला सोपी जाते. हलक्या गळासाठी वापरला जाणारा ब्रेडेड दोरा हा मुळात विणलेलाच असतो. पॉलिइथिलीनचे चार किंवा आठ अतिशय बारीक पदर एकमेकांत गुंफून तो तयार करतात. साधे नायलॉनचे तंगूस ताणले की लांबते, त्यामुळे तीस मीटरवर माशाने दिलेला हलका टोला हातापर्यंत पोहोचेपर्यंत विरून जातो. विणलेला दोरा जवळजवळ ताणतच नाही. मासा आमिषाला नुसते ओठ लावून गेला तरी ते बोटाला कळते, आणि हलक्या गळाची सारी मदार या कळण्यावर आहे. ८ ते १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेतीन ते साडेचार किलो भार पेलणारा दोरा सुरुवातीला योग्य. रिळाच्या गुळगुळीत धातूवर तो थेट गुंडाळला तर आख्खी गुंडाळी घसरून फिरते, म्हणून आधी काही वेढे साध्या तंगुसाचे द्यावेत.

या दोऱ्याचे दोन दोष आहेत. तो पाण्यात दिसतो, आणि दगडावर घासला तर लगेच कापला जातो. त्यावर उपाय म्हणून टोकाला हातभर ते मीटरभर फ्लोरोकार्बन नावाच्या पारदर्शक दोऱ्याचा तुकडा जोडतात. ही जोडगाठ घालताना नवशिक्यांचे तास जातात. काकांना मात्र ती पाहताच आपला जुना धंदा आठवला. मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर अशी गाठ मारतो की ती घट्ट बसावी आणि फणीतून अडखळत न जाता पलीकडे निघावी. इथेही गाठ काठीवरच्या कड्यांतून सुळकन निघाली पाहिजे. काकांनी विणकराची गाठ मारून पाहिली. दोन बोटांत ताणताच ती सुटली, कारण सुताला जो खरबरीतपणा असतो तो पॉलिइथिलीनला नसतो. या निसरड्या दोऱ्याला वेढे जास्त द्यावे लागतात. डबल युनी नावाच्या गाठीत विणलेल्या दोऱ्याचे सात-आठ आणि फ्लोरोकार्बनचे चार-पाच वेढे घेऊन दोन्ही गाठी एकमेकींवर ओढतात. ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमकुवत होतो. तिसऱ्या प्रयत्नात काकांची गाठ शेजारच्या तरुणापेक्षा देखणी झाली होती, हे नोंदवले पाहिजे.

रिळावर ड्रॅग नावाची एक चकती असते. मासा जोराने पळाला की ती दोरा सुटू देते, म्हणून तो तुटत नाही. ती सुमारे दोऱ्याच्या ताकदीच्या पावपट भाराला सुटावी अशी लावतात. त्यासाठी वेगळा वजनकाटा विकत घेण्याची गरज नाही. १ लिटर पाण्याने भरलेली बाटली दोऱ्याला बांधून काठीने उचलावी. बाटली अलगद उचलली जावी, पण किंचित हिसका देताच दोरा सुटू लागावा, की १० पौंडांच्या दोऱ्याला ड्रॅग बरोबर लागला असे समजावे.

(दृश्य : आमिषात गळ ओवताना जवळून.)

आमिष गळावर चढवण्याच्या दोन पद्धती सुरुवातीला पुरेशा आहेत. मोकळ्या पाण्यात जिगहेड वापरतात. म्हणजे ज्याच्या मानेशी शिशाचा गोळा ओतलेला आहे असा गळ. २ ते ५ ग्रॅमचा गोळा घ्यावा. आमिष आधी गळाशेजारी धरून टोक कुठून बाहेर पडणार ती जागा नखाने खूण करून ठेवावी आणि मग सरळ ओवावे, कारण आमिष जरा तिरपे बसले तरी ते पाण्यात गरगर फिरते, शिकार दिसण्याऐवजी चक्र दिसते, आणि दोऱ्याला पीळ पडतो तो वेगळाच. दुसरी पद्धत जलपर्णी आणि बुडालेल्या बाभळींसाठी आहे. त्यात बाकदार मानेचा गळ आमिषाच्या नाकातून काढून त्याचे टोक पुन्हा अंगातच लपवतात, म्हणजे ते काटक्यांत अडकत नाही आणि मासा चावला की मऊ अंग दबून बाहेर येते.

दुसरी पद्धत आपल्याकडे किती लागते हे उजनी पाहिल्याखेरीज कळत नाही. सोलापूरच्या घराघरांत उन्हाळ्यात उजनी ‘वजा’ किती झाली याची चर्चा चालते. पाणी मृतसाठ्याच्या खाली जाते, तसतसे एरवी खोल असलेले तळ काठाशी येतात, आणि त्याबरोबर बुंधे, काटे, जुने बांधही. हीच अडचणीची जागा मरळीची आवडती. तिथे पहिल्या पद्धतीने आमिष फेकणारा माणूस तासाभरात आपली निम्मी सामग्री पाण्याला दान करतो. आणि स्पष्ट सांगायचे तर, दाट जलपर्णीत शिरलेली मोठी मरळ हलक्या काठीने बाहेर निघत नाही. तिचे तोंड हाडाचे, तिची पहिली धाव मुळांकडे. तिथे जाड सामग्रीच हवी. हलका गळ घेऊन गवताच्या कडेला, मोकळ्या पाण्यात उभे राहावे.

(दृश्य : फेक. आमिष पाण्यात पडते. दोरा सैल होतो.)

आमिष पाण्यात पडल्याबरोबर रीळ फिरवू लागणे ही सर्वांत मोठी चूक. आधी रिळावरची तारेची कडी हाताने मिटावी आणि ते तळाला जाईपर्यंत मनात आकडे मोजावेत. दोरा ढिला पडला की तळ आला. सात आकड्यांत तळ येत असेल तर पुढच्या फेकीत पाचावर ओढायला सुरुवात करून मधल्या पाण्यात मासा आहे का ते पाहता येते. मग काठी हळू उचलायची, आमिष वीतभर वर येऊ द्यायचे आणि पुन्हा खाली पडू द्यायचे. बहुतेक मासे पडणाऱ्या आमिषाला धरतात, कारण शिकारी माशाच्या दृष्टीने खाली घसरणारा मासा म्हणजे थकलेला मासा. चावा अनेकदा हाताला कळतही नाही. पडता पडता दोरा मध्येच थांबतो किंवा बाजूला सरकतो, एवढेच. म्हणून डोळा दोऱ्यावर हवा. काकांना हे सांगावे लागले नाही. चालत्या मागावर हजार धाग्यांत तुटलेला एक हेरण्यात त्यांचा जन्म गेला आहे.

रंगांबाबत दुकानदार भरपूर सांगतात. आमच्या अनुभवात पावसाळी गढूळ पाण्यात काळपट, आणि हिवाळ्यातल्या निवळ पाण्यात धुरकट किंवा पांढरट, एवढे दोन रंग पुरतात.

सोलापूरच्या उन्हाचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. पारा ४३ अंशांच्या पुढे जाणाऱ्या दिवसांत गाडीच्या डिकीत ठेवलेली मऊ आमिषे वाकडी होतात आणि मग सरळ पोहत नाहीत. वेगळ्या द्रव्याची आमिषे एकाच डब्यात ठेवली तर ती एकमेकांत विरघळून चिकट गोळा होतो. म्हणून त्यांच्या मूळ पाकिटांतच ठेवावीत. माशांचेही उन्हाळ्यात हाल असतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांत तो साडेसातच्या आसपास येतो. अशा पाण्यात फार नाजूक दोऱ्यावर मासा दहा मिनिटे दमवत ठेवण्यात काही कौशल्य नाही. सोडून दिला तरी तो जगेल याची खात्री राहत नाही. मरळ हवेतून श्वास घेते, तिचे निभते. पण पावसाळ्यात तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला, तर खाली आई-बाप राखण करीत असतात, आणि त्या जागेवर आमिष टाकू नये. आई-बाप गेले की तो पुंजका इतर मासे काही मिनिटांत संपवतात.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. काठावरच्या होडीवाल्याला विचारूनच गळ टाकावा. त्याचे जाळे कुठे लावलेले आहे हेही त्याच बोलण्यात कळते. फाटलेले आमिष आणि दोऱ्याचे तुकडे खिशात घालून घरी आणावेत. पीव्हीसी पाण्यात कुजत नाही, आणि न ताणणारा विणलेला दोरा बगळ्याच्या पायात अडकला तर तोही तुटत नाही.

(दृश्य : ऊन वर आलेले. काकांच्या हातात काठी.)

साडेआठच्या सुमारास काकांचा दोरा पडता पडता थांबला. त्यांनी काठी उचलली, ती क्षणभर वाकली आणि पुन्हा सरळ झाली. आमिष बाहेर आले तेव्हा त्याची शेपटी मुळापासून कुरतडलेली होती. “चिलापी,” काका म्हणाले. “तोंड लहान असतंय तिचं. आपलंच आमिष मोठं झालं.” त्यांनी पाकिटातून दीड इंचाचे आमिष काढले, गळाशेजारी धरून नखाने खूण केली आणि चष्मा कपाळावर चढवून ते ओवायला घेतले.