फायरवॉल विचारते: एसव्हीसीहोस्टला जाऊ देऊ का?

श्रोतेहो, नमस्कार. विंडोजच्या संगणकावर वेगळी फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा तपासणारा पहारेकरी प्रोग्रॅम, बसवली, की कधीतरी कोपऱ्यात चौकट उघडतेच: ‘एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई इंटरनेटशी जोडू पाहत आहे.’ या नावाचं आपण काहीच बसवलेलं नसतं. घाबरून ‘नाही’ दाबलं जातं, वर ‘हे उत्तर लक्षात ठेवा’ या चौकोनातही टिचकी पडते. घोळ होतो तो या टिचकीमुळे.

एसव्हीसी म्हणजे सर्व्हिस, होस्ट म्हणजे यजमान. विंडोजच्या पुष्कळ सेवा डीएलएल फायलींत असतात. डीएलएल स्वतःहून चालत नाही, तिला चालवणारा प्रोग्रॅम लागतो, तो हा. विंडोज 10 च्या 2017 मधल्या 1703 आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान मिळतो. त्यामुळे चालू प्रोग्रॅमच्या यादीत हेच नाव पन्नास वेळा दिसलं तरी दचकू नका.

याला कायमचं अडवलं, तर राउटरकडून आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, मागणारी सेवाही अडू शकते. मग संगणक 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतो आणि इंटरनेट बंद पडतं. हे निदान लगेच कळतं तरी. विंडोजचे अपडेट अडले, तर महिनोन् महिने पत्ताही लागत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते.

तेव्हा आधी तपासा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिटेल्स’मध्ये जा. फायरवॉलच्या चौकटीत पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक, दिला असेल, तर तोच क्रमांक शोधा, राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. फाइल सी ड्राइव्हवर, विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमध्ये असायला हवी. 64 बिटच्या संगणकावर सिसवाऊ64 मध्येही चालते. टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये सापडली, तर ती बनावट धरा. स्पेलिंगही अक्षर अक्षर वाचा: व्ही आणि सीची अदलाबदल, ओच्या जागी शून्य, या जुन्या युक्त्या आहेत.

जागा बरोबर निघाली तरी थांबू नका. 2008 चा कॉन्फिकर हा व्हायरस खऱ्या एसव्हीसीहोस्टमध्येच आपली डीएलएल घुसवायचा. म्हणून आत कोण आहे तेही पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीत, टास्कलिस्ट लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ म्हणजे फॉरवर्ड स्लॅश, मग लगेच एसव्हीसी. डावीकडे प्रोग्रॅमचं नाव, मग पीआयडी, उजवीकडे सेवा. तिथे डीएचसीपी, डीएनएसकॅश किंवा डब्ल्यूयूएयूसर्व्ह दिसलं, तर त्या अनुक्रमे पत्ता मागणाऱ्या, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या आणि अपडेटच्या सेवा आहेत, जाऊ द्या. सेवा अनोळखी असेल, तर तपास होईपर्यंत फक्त या वेळेपुरतं अडवा.

फाइल बनावट निघालीच, तर आधी इंटरनेट तोडा. मग विंडोज सिक्युरिटीतल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावा, त्यासाठी संगणक रीस्टार्ट होतो, उघडी कामं आधी सेव्ह करा. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.