पहिली बाटली

रात्रीचे अकरा. सिस्टर ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, फोडतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. औषध खराब झालेलं नाही, हा त्यातल्या गंधकाचा वास. औषधाचं नाव ॲसिटिलसिस्टीन.

पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं की यकृतात त्याचा एक विषारी अंश साचू लागतो. एरवी आपल्याच शरीरातलं ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट त्याला निकामी करतं. तो साठा आटला की यकृताच्या पेशी मरतात. ॲसिटिलसिस्टीन हा साठा पुन्हा भरतं. गोळ्या पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत ते सुरू झालं, तर यकृत बहुतेक वेळा वाचतं.

१९७०च्या दशकात एडिनबरामध्ये डॉ. लॉरी प्रेस्कॉट यांनी ते शिरेतून द्यायची पद्धत बसवली. त्यात सगळ्यात मोठा डोस पहिल्याच पंधरा मिनिटांत जायचा. यकृतं वाचली, पण काहींच्या अंगावर गांधी उठायच्या, चेहरा लाल व्हायचा, रक्तदाब उतरायचा. दमेकऱ्यांना तर धाप लागायची. ही नेहमीची ॲलर्जी नव्हे. औषध वेगाने शिरलं की शरीरात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन सुटतं, त्याचा हा त्रास. म्हणूनच 'रिॲक्शन आली' म्हणून हे औषध कायमचं बंद करणं मला फार घातक वाटतं. ड्रिप थांबवायची, अँटिहिस्टामिन द्यायचं, श्वास मोकळा झाला की कमी वेगाने पुन्हा सुरू करायची.

२०१२मध्ये ब्रिटनने पंधरा मिनिटांचा एक तास केला. पुढे स्कॉटलंड आणि न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी पहिला डोस आणखी लहान करून दोन तासांवर नेला. त्यांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. उलट्या आणि रिॲक्शन, दोन्ही कमी झाल्या होत्या.

आज या खाटेवरच्या बाईंचं वजन काट्यावर भरलं ६० किलो. इथे तासाभराचीच पद्धत: किलोला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ९ ग्रॅम; ४५ मिली औषध २०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये). दुसऱ्या सिस्टर कागद न बघता तोच हिशेब स्वतंत्रपणे करतात. एक शून्य जास्त पडलं तर डोस दहापट होतो, आणि अशा चुकीने माणसं दगावली आहेत. लहान मुलांत औषधासोबत जाणारं सलाईनचं पाणीही मोजूनच द्यावं लागतं. जास्त झालं तर सोडियम घसरून झटके येतात.

"सिस्टर, सलाईन जरा जोरात सोडा ना," नातेवाईक म्हणतात. त्यांची घाई समजते. सिस्टर पंपावरचा आकडा दाखवतात, "ही बाटली तासभर चालणार, काका." ऑक्सिजन आणि नेब्युलायझर हाताशी आहेत. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, अंगावरची त्वचा बघायची.

बारा वाजता दुसरी बाटली लागते, ३ ग्रॅम, चार तास. पहाटे चारला तिसरी, ६ ग्रॅम, सोळा तास. ती संपेल उद्या रात्री आठला. त्याआधी यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी रक्त पुन्हा जाईल, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत सुई काढायची नाही.