स्टेपनी असू द्या, पण हवा बरोबर ठेवा

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. बोर्डावर विषय लिहिलाय 'गाडीतला हवेचा पंप : कोणता घ्यावा, कसा वापरावा', आणि ते मी सांगणारच आहे, त्याआधी फक्त एक विचारतो. गाडी चालवणारे कितीजण आहात? बरं, जवळपास सगळेच. आता गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी स्टेपनीची हवा चेक केलीय त्यांनीच हात वर ठेवा. एक... दोन... काका, तुमचा हात हवेसाठी आहे का पंखा वाढवायला? पंखा, बरं. म्हणजे दोनच.

मला हा विषय कुठून चिकटला ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही कराडवरनं चिपळूणला निघालो होतो, मी, बायको, आई आणि वडील, वडलांचं वय तेव्हा ७८. पाटणच्या अलीकडे एका पंपावर डिझेल भरलं, म्हटलं घाट उतरायचाय तर हवा पण बघून घेऊ. हवेच्या मशीनवर पोतं टाकलेलं. पोरगा म्हणाला, "साहेब, महिना झाला बंद आहे." आता बघा, पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे असा नियम आहे, कुणी उपकार करत नाही आपल्यावर, आणि तरी आपण 'बरं बरं' म्हणून पुढे निघतो. मीपण निघालो. त्या पोराचा काही दोष नाही, पण मशीन महिनाभर बंद ठेवणाऱ्या मालकावर माझा राग आजही आहे.

हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला, अंधार पडलेला, आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून बघतो तर मागचं डावं टायर निम्मं बसलेलं. मोबाइलला रेंज नाही. म्हटलं हरकत नाही, स्टेपनी आहे की. डिकीतलं सगळं सामान रस्त्यावर काढलं, आईच्या लाडवांचे डबे, उशा, पाण्याचा कॅन, खालचं झाकण उघडलं, स्टेपनी बाहेर काढली, अंगठ्यानं दाबली आणि अंगठा आत गेला. गाडी घेतल्यापासून चार वर्षांत तिच्यात कुणी हवा भरलीच नव्हती. टायर असंच असतं हो, नुसतं पडून राहिलं तरी रबरातनं थोडी थोडी हवा झिरपून जातेच.

आई काही बोलली नाही. वडील म्हणाले, "आता?" बायकोनं त्रिकोण काढून मागे वळणावर नेऊन ठेवला. अर्धा तास गाड्या नुसत्या जात होत्या, आणि त्यांना तरी काय म्हणणार, अंधारात घाटात कोण थांबतं. शेवटी साखरेची पोती भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, चाळिशीचा माणूस, टायरकडे बघून म्हणाला, "दादा, चाक कशाला बदलताय? हवा पाहिजे तुम्हाला." केबिनमधनं एक लांब पाइप काढला, ट्रकच्या हवेच्या टाकीला जोडला, दुसरं टोक आमच्या व्हॉल्व्हला. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यासाठी इंजिनवर कंप्रेसर असतो आणि तो टाक्यांत साधारण ८ बार, म्हणजे ११५ पीएसआयच्या (पंपावर हवेचा आकडा सांगतात तोच) आसपास हवा दाबून ठेवतो. आपल्या गाडीला पाहिजे ३३. दोन मिनिटांत टायर उभं. गेज नव्हता त्याच्याकडे, लाकडी दांडक्यानं टायरवर दोन ठोके मारले, आवाज ऐकला, म्हणाला, "झालं, आता सावकाश उतरा." मग स्टेपनीतही भरून दिली. मी पैसे काढले तर हात जोडून म्हणाला, "आजींना घरी पोचवा आधी." चिपळूणमध्ये पंक्चरवाल्यानं नखाएवढा खिळा काढून दाखवला.

त्या माणसाचं वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. चाक कशाला बदलताय, हवा पाहिजे तुम्हाला. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की हवा एकदम जात नाही, तासतास घेते. अशा वेळी जॅक, पान्हा, घाटातल्या उतारावर गाडी उचलणं, हा सगळा धोका पत्करायची गरजच नसते. हवा भरा आणि पंक्चरवाल्यापर्यंत जा. आपण चार वर्षं १५ किलोचं चाक वाहतो, आणि त्यात जी भरायची ती हवाच बरोबर नसते.

स्टेपनीवरनं आठवलं, हा शब्द मला फार आवडतो. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लॅनेल्ली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी हवा भरलेलं टायर चढवलेली एक जादा रिम काढली, आरे नसलेली, बसलेल्या चाकावर बाहेरनं आवळायची. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव स्टेपनी. ती कंपनी कधीच विस्मरणात गेली, तिकडे लोक 'स्पेअर व्हील' म्हणतात, आणि आपल्याकडे रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळे स्टेपनीच म्हणतात. त्याआधी तर पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवायचं, ट्यूब चिकटवायची आणि हातपंपानं हवा भरायची. म्हणजे गाडीत जादा चाक यायच्या आधी गाडीत पंप होता! आणि आता चक्र उलटं फिरतंय, कारण जुलै २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला, ३.५ टनांपर्यंतच्या आणि ड्रायव्हरसकट नऊ सीटपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. बऱ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत डिकीखाली चाक नाहीच, छोटा पंप आणि सीलंटची, म्हणजे टायरमधलं भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आहे. तेव्हा पंप हा आता शौक राहिलेला नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अरे बापरे. बरं, मग भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, हवेची टाकी घेऊ का असं बरेच जण विचारतात. हिशेब करा. छोट्या गाडीच्या टायरमध्ये साधारण २५ लिटर जागा. ३३ पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेच्या सव्वादोन पट जादा दाब, म्हणजे बाहेरची ५५-५६ लिटर हवा आत कोंबायची. १० लिटरच्या टाकीत १०० पीएसआय भरून आणले तरी पूर्ण बसलेलं एक टायर २८-२९ ला येऊन थांबेल, आणि दुसऱ्या टायरला फारसं काही उरणार नाही. सायकलवाले वापरतात त्या १६ ग्रॅमच्या सीओटूच्या नळीत जेमतेम ९ लिटर गॅस, कारला सहा-सात नळ्या लागतील, बाइकला ठीक. म्हणून कारमध्ये पंपच.

दुसरं, पंप १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा घ्या. बॅटरीवाले सुटसुटीत असतात, पण उन्हात तापलेल्या गाडीत महिनोन्‌महिने पडून राहिले की नेमके त्या दिवशी उतरलेले निघतात. सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा ते बघा, बऱ्याच गाड्यांत १० ते १५ असतो, पंपाचे अँपिअर त्याच्या आत बसले पाहिजेत. वायर मागच्या टायरपर्यंत पोचते का ते दुकानातच मोजा. इंजिन चालू ठेवून भरा, आणि पंप हाताला चटका बसण्याइतका तापला तर दहा मिनिटं थांबवा.

तिसरं, आकडा कुठला? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तो. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा, तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतोच, त्यामुळे समृद्धीवर दोन तास पळवून थांबलात आणि दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा.

चौथं, पंपाबरोबर स्ट्रिपचं किट, म्हणजे खिळ्याच्या भोकात कोंबायच्या चिकट रबरी पट्ट्या ठेवा, आणि बाजूची भिंत फाटली असेल तर पंप, स्ट्रिप काही उपयोगाचं नाही, तिथं स्टेपनीच लागते. आणि पूर्ण बसलेल्या टायरवर गाडी चार पावलंही चालवू नका, रिम टायर कापते.

हो, घंटा ऐकली. प्रश्न खाली घेऊ. पार्किंगमध्ये गेटजवळ माझी गाडी आहे, मागच्या डाव्या टायरची हवा मी सकाळी मुद्दाम २४ वर आणून ठेवलीय. पंप डिकीत आहे. ज्यांना स्वतः भरून बघायचंय त्यांनी चहा घेऊन तिकडेच या.