तिकीट कुणाच्या नावावर?

श्रोतेहो, नमस्कार. आज लॉटरीच्या तिकिटाबद्दल बोलायचं आहे, आणि ते घेणाऱ्याच्या वयाबद्दल. आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहतो. बाची संपली की शिनोळी, कोगनोळी ओलांडली की कागल. अलीकडे कर्नाटकाचा एक कायदा, पलीकडे महाराष्ट्राचा दुसरा. मोठ्यांना हे ठाऊक असतं, पोरांना कुणी सांगत नाही.

कर्नाटकानं २००७ साली लॉटरी बंद केली. स्वतःची बंद केली आणि बाहेरच्या राज्यांची तिकिटं विकायलाही बंदी घातली. बाहेरच्या तिकिटांना असं अडवायचा अधिकार केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी कायद्यानं राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात सरकारी लॉटरी चालू आहे. म्हणजे शिनोळीच्या परवान्याच्या दुकानात तिकीट विकणं कायदेशीर, आणि तेच तिकीट अलीकडे आणून विकणं गुन्हा. पुन्हा सांगते, अलीकडे आणून विकणं गुन्हा. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

आता वय. १८ पूर्ण. तिकीट घेणं हा करार आहे, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार सज्ञान माणसानंच करायचा असतो. १८ च्या आतल्या मुलाचा करार मुळातच रद्द, हे १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरलं, ते आजवर तसंच आहे.

हे कोरडं वाटत असेल, तर उचगावच्या बाजूच्या एका गावात घडलेली गोष्ट ऐका. नावं सांगणार नाही.

पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असलेला मुलगा, वय सोळा. घरी दोन म्हशी. सकाळी दूध डेअरीत घालायचं आणि आठवड्याचं बिल आईच्या हातात आणून द्यायचं, हे त्याचं काम. (दुधाचं बिल घरातल्या बाईच्याच नावावर निघावं, असं माझं ठाम मत आहे. धार ती काढते, शेण ती काढते, आणि डेअरीच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं.) तर त्या बिलातले ऐंशी रुपये या पोरानं बाजूला काढले आणि शिनोळीकडं रोज टेम्पो घेऊन जाणाऱ्या गल्लीतल्याच एका तरुणाला दिले. "दादा, दोन तिकिटं आण. नंबर मी सांगतो त्याच शेवटाचा बघ." दादानं आणली. एक तिकीट गेलं, दुसऱ्याला पाच हजार लागले.

पोरगा पळत त्याच्या घरी गेला. टेम्पोवाला ओट्यावर बसला होता. म्हणाला, "तिकीट मी आणलो, पाठीमागं सही मी केलो. तुझं काय संबंध?" पोरगा रडकुंडीला आला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा झाला, आणि ज्या आईला ऐंशी रुपयांचा पत्ताच नव्हता, तिला सगळं कळलं.

रात्री लक्ष्मीच्या देवळापुढं चार जाणती माणसं जमली. कुणी म्हणालं, निम्मं-निम्मं करा. कुणी म्हणालं, पोलिसात जाऊया. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोलिसात जाऊन सांगणार काय? बंदी असलेलं तिकीट मागवलो म्हणून?" सगळे गप्प झाले. मग त्या पोराची आई पुढं आली. टेम्पोवाल्याला म्हणाली, "बक्षीस तुलाच लखलाभ रे बाबा. माझं डेअरीचं ऐंशी रुपये तेवढं दे. ते दुधाचं पैसं आहे, जुगाराचं न्हवं." त्यानं खिशातून शंभराची नोट काढली. तिनं पदराच्या गाठीतले वीस परत केले, आणि सगळ्यांसमोर त्याला बजावलं, "माझ्या पोराच्या हातचा पैसा परत धरलास, तर मी स्वतः तुला ठाण्यात नेईन."

मला ही बाई फार मोठी वाटते. ज्या पैशावर आपला हक्क आहे तेवढाच तिनं मागितला, आणि दोष पोरावर न ढकलता शहाण्यासुरत्या माणसावर ठेवला.

आणि कायद्याच्या बाजूनंही तिचं बरोबर होतं. करार कायद्याचं कलम १८३ म्हणतं, एजंट नेमायचा तर नेमणारा सज्ञान हवा. सोळा वर्षांचा मुलगा "माझ्या वतीनं आण" म्हणाला, तरी त्या म्हणण्याला कायद्यात वजन नाही. शिवाय मोठं बक्षीस मागायला अर्ज, सही, ओळखपत्र लागतं. थोडक्यात, १८ च्या आतल्या मुलानं दुसऱ्याकरवी तिकीट घेतलं, तर हरल्यावर पैसे त्याचे जातात आणि लागल्यावर बक्षीस सही करणाऱ्याचं होतं.

म्हणून आजोबांना, काकांना विनंती, पोराला तिकिटासाठी पिटाळू नका. तंबाखूच्या पुडीसाठीही नको. १८ च्या आतल्याला तंबाखू विकायला केंद्राच्या २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, कर्नाटकात तर २०२५ पासून २१ च्या आतल्याला, तरी आपल्याकडं पाहुणा आला की पहिलं पोराला पानपट्टीवर धाडतात. मला हे अजिबात पटत नाही.

चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी एक: तिथल्या कॅसिनोत २१ च्या आत प्रवेश नाही. १८ झालं म्हणून तिथं चालत नाही.

आणि मटका? आकडा लावायला वयच नाही. मटका अलीकडेही गुन्हा, पलीकडेही गुन्हा, अठराच्या पोराला आणि ऐंशीच्या आज्जालाही.

१८ नेमके कधी पूर्ण होतात, हे बरेच जण विचारतात. अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडला की माणूस सज्ञान. पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड जवळ ठेवा. दोन्हीवरची तारीख वेगळी असेल, तर ती दुरुस्ती आधी करून घ्या. नमस्कार.