कोकी थांबते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

१८ मे २०१७ रोजी सकाळी रीमा लागू गेल्याची बातमी आली, तेव्हा देवगडजवळच्या आमच्या घरी आंबापोळीची ताटे उन्हात घालण्याचे काम चालले होते. बातमी ऐकून आई हातातले ताट तसेच धरून अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "आपली कोकी गेली गो." रीमाताईंचे वय तेव्हा ५८ वर्षांचे होते आणि आदल्या दिवसापर्यंत त्या 'नामकरण' या मालिकेचे चित्रीकरण करत होत्या. दिवसभर सगळीकडे त्यांचा उल्लेख हिंदी चित्रपटांतली आई असा होत राहिला. आमच्या घरात मात्र प्रत्येकाच्या तोंडी कोकीच होती, म्हणजे 'श्रीमान श्रीमती'मधली कोकिळा कुलकर्णी. या कोकीचे मला सर्वांत आवडणारे काही क्षण आज तुमच्यासमोर मांडायचे आहेत.

आपल्यापैकी अनेकांनी ही मालिका दूरदर्शनवर पाहिली असेल. १९९४ मध्ये ती सुरू झाली. अधिकारी बंधूंची निर्मिती, राजन वाघधरे यांचे दिग्दर्शन आणि आपल्या मराठी रंगभूमीवरचे नाटककार अशोक पाटोळे यांचे लेखन. शेजारीशेजारी राहणारी दोन जोडपी, एवढाच काय तो मामला. केशव कुलकर्णी आणि त्याची बायको कोकिळा एका घरात, तर चित्रपटतारका प्रेमा शालिनी आणि घर सांभाळणारा तिचा नवरा दिलरुबा दुसऱ्या घरात. केशवचा जीव प्रेमावर जडलेला आणि दिलरुबाचा कोकीवर. जतीन कनाकिया, अर्चना पूरणसिंग, राकेश बेदी आणि रीमा लागू या चौघांनी हा खेळ असा रंगवला की एवढ्याशा गोष्टीवर मालिका वर्षानुवर्षे चालली.

रीमाताईंच्या इतर भूमिकांशेजारी कोकीला ठेवून पाहिले की तिचे मोल अधिक कळते. 'हम आपके हैं कौन'देखील १९९४ चाच चित्रपट आणि त्यात त्या लग्नाच्या मुलींची आई होत्या. त्याच सुमारास सुरू झालेल्या 'तू तू मैं मैं'मध्ये त्या सासू झाल्या आणि त्यांच्या सुनेचे काम करणाऱ्या सुप्रिया पिळगावकर त्यांच्याहून अवघ्या ९ वर्षांनी लहान होत्या. पुढे 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या. त्या दोघांच्या वयात तर सव्वा वर्षाचेही अंतर नव्हते. ज्या वर्षी कोकी पडद्यावर आली त्या वर्षी रीमाताई ३६ वर्षांच्या होत्या आणि कोकीही साधारण त्याच वयाची, पदरी लहान मुलगा असलेली आणि शेजाऱ्याने जिच्यावर भाळावे अशी एक संसारी बाई होती. केसांत पांढरी बट नाही की आवाजात ओढूनताणून आणलेले वडीलपण नाही. आपल्या वयाच्या रीमाताई मन भरून पाहायला मिळाल्या त्या मला तरी कोकीतच, आणि म्हणूनच त्यांच्या सगळ्या कामांत हे काम मला अधिक जवळचे वाटते.

आता त्या क्षणांकडे वळते. त्यांतला पहिला क्षण एखाद्या ठरावीक भागातला नाही, कारण तो पुन्हा पुन्हा येई आणि प्रत्येक वेळी नवा वाटे. शेजारी जाण्यासाठी केशव काहीतरी थाप मारायचा. जतीन कनाकियांची ती धांदल, ते हातवारे, एक थाप निभावून नेण्यासाठी रचलेली दुसरी थाप, हे सगळे कोकी ऐकून घ्यायची. नवऱ्याचे बोलणे संपले की ती लगेच काहीच बोलत नसे. क्षणभर त्याच्याकडे बघे, तिला ते पटे, चेहरा निवळे आणि ती कामाला लागे. मग मध्येच काहीतरी आठवून ती थांबे आणि अगदी सरळ मनाने एक साधा प्रश्न विचारे. त्या प्रश्नात कसलाही डाव नसे, आणि तरीही केशवचा सगळा डोलारा त्या एका प्रश्नाने खाली येई.

तो थांबण्याचा क्षण आमच्याकडे कसा पाहिला जाई, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वाडीत टीव्ही होता तो आमच्या काकीकडे. अँटेना माडाला बांधलेल्या बांबूच्या टोकावर होती आणि वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. मालिका लागण्याच्या वेळी काकी पडवीत आडाळ्यावर बसून नारळ खवत असे. केशवच्या थापा चालू असताना तिचा हात चालूच राही, खोबऱ्याचा कीस ताटात पडत राही. कोकी थांबली की काकीचा हातही थांबे. अर्धी वाटी आडाळ्याच्या दातांवर टेकलेली, मान वर, आणि सगळी पडवी चिडीचूप. कोकीचा प्रश्न येई, पडवी हसून कोसळे आणि मग नारळ पुन्हा खवला जाऊ लागे. त्या वयात मला अभिनयातले काही कळत नव्हते, पण टीव्हीतली बाई गप्प झाली की आमच्या काकीचा हात थांबतो, एवढे मी नीट पाहून ठेवले होते.

आपण कोकणातली माणसे विनोदाच्या बाबतीत काही साधे प्रेक्षक नाही. रात्रभर दशावतार बघत वाढलेली माणसे आपण. त्यात लिहिलेली संहिता नसते. नट उभ्या उभ्या संवाद रचतात, शब्दाला शब्द भिडतो आणि हशा पिकतो. रंगमंचावरची बाई तिथे स्त्रीपार्टी नट उभी करतो आणि काही जण ती इतकी सुंदर उभी करतात की आपण हात जोडावेत. नमन या आपल्या लोककलेतल्या गवळणीमधली मावशीही पुरुषच असतो आणि तिच्या ठसक्यात मुद्दाम वाढवलेल्या बाईपणाची गंमत असते. हे सगळे मला मनापासून आवडते. कोकीची तऱ्हा मात्र याहून निराळी होती. बाईच्या अंगातले काहीही न वाढवता, तिची चाल, तिचा आवाज, तिचा भाबडेपणा यांपैकी कशाचीही टिंगल न करता रीमाताई हसवत असत. केशव हसण्याजोगा, दिलरुबा हसण्याजोगा, प्रेमाचा तोरा हसण्याजोगा. त्यांच्या मधोमध कोकी खरी आणि तिच्या खरेपणावर आपटूनच बाकीच्यांचे खोटे फुटत असे.

दुसरा क्षण दिलरुबाबरोबरचा आहे. राकेश बेदींचा दिलरुबा कोकीची स्तुती करू लागला की दुसरी एखादी नटी डोळे मोठे करून प्रेक्षकांकडे बघती, म्हणजे तिला सगळे समजले आहे हे आपल्याला समजले असते. रीमाताईंनी तो सोपा मार्ग घेतला नाही. त्यांची कोकी ती स्तुती शेजारधर्म म्हणून घेते, थोडी संकोचते आणि किंचित सुखावतेही. घरच्या कामात बुडालेल्या बाईला कुणीतरी बरे बोलले की जेवढे सुख होईल तेवढेच, त्याहून कणभरही जास्त नाही. ही मात्रा सांभाळणे किती अवघड असावे! जराशी अधिक झाली असती तर कोकी आपल्या मनातून उतरली असती आणि जराशी कमी झाली असती तर ती निव्वळ बावळट दिसली असती. केशववर चिडलेली कोकीही मला आवडते, पण त्या रागाविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्या चिडत तेव्हा सरळ, घरच्यासारख्या चिडत.

ही मात्रा त्यांना नाटकाने दिली, असे मला वाटते. त्यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, त्यामुळे नाटक घरातच होते. विजया मेहता यांनी बसवलेल्या 'पुरुष' नाटकात नाना पाटेकरांच्या समोर रीमाताईंनी अंबिका उभी केली. ते नाटक आपल्या आरवलीच्या जयवंत दळवींचे. अत्याचार सोसून शेवटी स्वतःच सूड घेणारी अंबिका आणि नवऱ्याच्या थापांवर विश्वास ठेवणारी कोकी यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. मला ते दिसते समोरच्याचे ऐकून घेण्यात. समोरचा नट बोलत असताना रीमाताई आपल्या वाक्याची वाट बघत आहेत, असे कधी वाटले नाही. त्या खरोखर ऐकत असत आणि ऐकल्यामुळे काय झाले ते चेहऱ्यावर उमटू देत असत.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखवायला घेतली. जतीन कनाकिया १९९९ मध्येच गेले होते, अशोक पाटोळे २०१५ मध्ये आणि त्यानंतर दोन वर्षांनी रीमाताई. आमची काकीही तोवर राहिली नव्हती. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, शस्त्रक्रिया टाळेबंदीमुळे पुढे गेली होती आणि पडद्यावरची माणसे तिला धुक्यातल्यासारखी दिसत होती. तरी ती टीव्हीच्या जवळ खुर्ची ओढून बसे आणि ऐके. मुंबईहून आलेला माझा भाचा शेजारी बसून काही ना काही बडबडत असे. एके दिवशी केशवची लांबलचक थाप संपली आणि टीव्हीचा आवाज एकदम थांबला. आईने भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गप रव रे," ती म्हणाली, "आता ती इचारतली."

आणि कोकीने विचारले.