पुण्यात मंदी येत नाही म्हणे!

नमस्कार मंडळी. आज जरा आपल्या पुणेकरांच्या एका लाडक्या वाक्याबद्दल बोलू. "मंदी बिंदी तिकडे, पुण्यात काही नाही." ऐकलंय ना? म्हणलंही असेल. देशात कुठे खुट्ट झालं, पेपरात विकासदर घसरल्याची बातमी आली, की कट्ट्यावर कोणीतरी हमखास बोलतं, अरे लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नाही आणि तू मंदी काय घेऊन बसलायस. आणि ऐकणाऱ्याची छाती जरा फुगतेच, खोटं कशाला बोला.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, म्हणजे डाय, फिक्स्चर, गेज यांच्यात, साचे, पार्ट पकडायच्या पकडी आणि मोजायची साधनं म्हणा. त्यामुळे लक्ष्मी रोडच्या गर्दीवरून मी काही ठरवत नाही, तिथे गर्दी कायमच असते, निम्मे लोक नुसते बघायला आलेले असतात. पण ते वाक्य अगदीच हवेतलं नाहीये हेही खरं. कसं ते सांगतो.

2008 आठवा. सप्टेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, सगळ्या जगाची घाबरगुंडी उडाली, आपला देशाचा विकासदर नऊ टक्क्यांच्या वर होता तो त्या वर्षी 6.7 वर आला. आणि त्याच सप्टेंबरमध्ये आपल्याकडे तळेगावला जनरल मोटर्सचा नवाकोरा कारखाना सुरू झाला. पुढे सहा महिन्यांत, मार्च 2009 मध्ये, चाकणला फोक्सवॅगनच्या प्लांटचं उद्घाटन. मर्सिडीजही त्याच सुमारास चाकणच्या नव्या प्लांटमध्ये आली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी माहीत असलेलं चाकण, तिथे जर्मन गाड्या बनायला लागल्या आणि त्याही ऐन मंदीत, आता यावर पुणेकर मिशीला पीळ देणार नाही तर काय करणार. अर्थात हे प्लांट तेजीत ठरले होते, पैसा आधीच ओतलेला होता, ऐन मंदीत कोणी धाडस वगैरे केलं नव्हतं, पण कट्ट्यावर एवढे बारकावे कोण ऐकून घेतं.

आणि त्यातली गंमत पुढे आहे. ज्या जनरल मोटर्सने तळेगावला कारखाना काढला तिने जून 2009 मध्ये अमेरिकेत चक्क दिवाळखोरीसाठी अर्ज केला, मालक तिकडे बुडत होता आणि तळेगावची लाइन इकडे चालू होती. ती बंद पडली 2020 च्या डिसेंबरमध्ये, तेव्हा आमच्या ओळखीतली दोन पोरं एकदम घरी बसली, आणि आता तो प्लांट ह्युंदाईने घेतला. म्हणजे जागा तीच, शेडही बरीचशी तीच, पाटी बदलली. हे आपल्याकडे होऊ शकतं कारण आजूबाजूला फिटर, टर्नर, वेल्डर, डायमेकर, क्वालिटीवाले, ट्रान्सपोर्टवाले सगळे तयार बसलेले आहेत. हे लोक एका दिवसात तयार होत नाहीत बरं का.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा आहे. इंग्रजांचा. तिथून हाताला मोजमापाची सवय लागली म्हणा. मग 1946 मध्ये खडकीलाच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, 1954 मध्ये पिंपरीत एचए, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सरकारी पेनिसिलिन तिथे बनायचं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग रांगच लागली, आकुर्डीत बजाज, मुंढव्यात भारत फोर्ज, पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. पाणी पवनेचं, रेल्वे दारात, मुंबई जवळ आणि मुंबईत नवीन कारखान्याला जागा मिळणं अवघड झालेलं. शिवाय 1854 पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज शिवाजीनगरला आणि आयटीआय औंधला. या सगळ्यात मला सगळ्यात आवडते ती लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट. पूनावालांचे रेसचे घोडे होते, म्हातारे झालेले घोडे मुंबईला लस-सीरम बनवणाऱ्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जायचे, कारण घोड्याच्या रक्तातून सीरम काढतात. मग त्यांच्या डोक्यात आलं की घोडे आपले, तर सीरमही आपणच का काढू नये, आणि 1966 मध्ये हडपसरला काम सुरू झालं. म्हणजे रेसकोर्स, मिलिटरी, पेन्शनर आणि कारखाना हे सगळं ज्या गावात शेजारी शेजारी राहतं तिथेच असलं काहीतरी होणार.

पेन्शनर म्हणलं की हसू नका. "पेन्शनरांचं गाव" म्हणून पुण्याला किती हिणवलं लोकांनी. पण मंदीत बघा, कंपन्यांचे ओव्हरटाइम बंद, आयटीवाले बेंचवर म्हणजे प्रोजेक्टविना, बिल्डर गप्प, आणि एक तारखेला पेन्शन मात्र जमा. सदर्न कमांड इथे, एनडीए इथे, डीआरडीओच्या लॅब इथे, एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे, सरकारी पगार वेळेवर. आणि वर विद्यार्थी. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, एमपीएससीच्या पुस्तकात डोकं घातलेली ती पोरं, त्यांच्या बापाने मराठवाड्यातून, विदर्भातून पाठवलेले पैसे मेसवाल्या काकूंकडे जातात, काकूंचे वाण्याकडे, वाण्याचे मार्केट यार्डात. उलट मंदीत ही पोरं वाढतात, नोकरी नाही मग करा अजून एक कोर्स, द्या अजून एक अटेम्प्ट. म्हणजे आपलं शहर हे एकत्र कुटुंबासारखं आहे, थोरल्याचा धंदा बसला तर धाकट्याची नोकरी असते, आणि आजोबांची पेन्शन तर असतेच.

इतपत अभिमान मला पूर्ण मान्य आहे, मी स्वतः तो बाळगून आहे. पण "पुण्यात मंदी येतच नाही" हे मला मान्य नाही. येते. फक्त ती लक्ष्मी रोडने येत नाही, भोसरीने येते.

भोसरीत माझ्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे, पत्र्याची शेड, दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी टर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन, आणि एक जुनी लेथ जी कोणी विकत पण नाही आणि वापरत पण नाही. त्यांचं सगळं आयुष्य शेड्यूलवर. वरच्या कंपनीकडून महिन्याचं शेड्यूल येतं, एवढे पीस या तारखेला एवढे त्या तारखेला. 2019 मध्ये गाड्यांचा खप पडला, जुलैत तर देशात प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांनी खाली होती, मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे महिन्यातले काही दिवस प्लांट बंद. तिथे चार दिवस बंद म्हणजे इथे भोसरीत पंधरा दिवस बंद, कारण वरच्याने आधी त्याच्याकडचा स्टॉक संपवायचा मग खालच्याला विचारायचं. व्हीएमसी पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतलं कूलंट, म्हणजे धातू कापताना थंड ठेवणारं पाणी-तेल, आंबतं. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, शेडच्या दारातच कळतं की इथे काम नाहीये. भंगारवाल्याला तर अर्थमंत्र्यांच्या आधी कळतं. बोरिंगचा, म्हणजे कापलेल्या धातूचा चुरा न्यायला दर आठवड्याला येणारा त्याचा टेम्पो महिन्यातून एकदा यायला लागतो.

मालक काय करतो मग? ऑपरेटर कमी करतो आणि स्वतः बॉयलर सूट घालून मशीनवर उभा राहतो. मशीनचा हप्ता मात्र बँक थांबवत नाही. बायकोचे दागिने वगैरे मी इथे सांगत बसत नाही, तुम्ही समजून घ्या. खंडेनवमीला मात्र सगळ्या मशीनची पूजा होते, झेंडूची माळ बंद मशीनलाही तेवढीच मोठी घालतात आणि पेढेही येतात, नेहमीच्यापेक्षा लहान बॉक्समध्ये.

आणि तो कमी केलेला ऑपरेटर? तो लातूरचा, बीडचा, धाराशिवचा. मोशीत नाहीतर चिखलीत एका खोलीत चौघं राहतात, शिफ्टप्रमाणे गादी वाटून घेतात. कंत्राटी पोरांना तसाही सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात, मंदीत तो ब्रेक लवकर मिळतो आणि परत बोलावणं येत नाही. मग तो बॅग भरून गावी जातो. म्हणजे आपली मंदी आपण एसटीत बसवून लातूरला पाठवून देतो, तिथे ती कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसते, आणि आपण इकडे म्हणायला मोकळे की पुण्यात काही नाही बुवा.

आता काही जण म्हणतील, एक्स्पोर्टचं काय. बरोबर आहे. बजाजने त्या 2018-19 मध्ये 20 लाखांच्या वर गाड्या परदेशी पाठवल्या, इथला बाजार मंदावला तरी आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत बाइक जात होत्या, त्यामुळे बऱ्याच व्हेंडरांच्या घरची चूल पेटत राहिली. पण हीच गोष्ट 2008 ला उलटली होती, कारण तेव्हा आग परदेशातच लागलेली, ज्याचा माल अमेरिकेतल्या ट्रकना जात होता त्याला पहिला चटका. एक्स्पोर्टवाला सुखी आणि लोकलवाला दुःखी असं कायमचं काही नसतं.

आणि 2020 मध्ये तर आपलं ते एकत्र कुटुंबच सगळं एकदम आजारी पडलं. राज्यातले पहिले कोरोना पेशंट पुण्यातच सापडले, 9 मार्चला. कंपन्या बंद, पोरं गावाला, मेस बंद, कॉट रिकाम्या, हिंजवडी लॅपटॉप घेऊन नांदेड-कोल्हापूरला गेली. देशाची अर्थव्यवस्था त्या तिमाहीत जवळजवळ 24 टक्क्यांनी आकसली असं तेव्हाच्या आकड्यात आलं होतं. त्या वेळी पुण्याचं नाव राखलं ते दोन ठिकाणांनी. एक मायलॅब, देशी बनावटीच्या टेस्ट किटला पहिली मान्यता मार्चमध्येच यांना मिळाली, आणि दुसरं आपलं सीरम. 12 जानेवारी 2021 ची पहाट, सीरमच्या मांजरीच्या गेटमधून लसीचे ट्रक बाहेर पडले, आधी पूजा केली, नारळ फोडला, मग विमानतळ, आणि त्या दिवशी 56 लाखांवर डोस देशातल्या 13 शहरांत रवाना झाले. मी टीव्हीसमोर उभा राहून बघत होतो, बसवेना. तो अभिमान आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, त्याला मी कुठलाही पण-परंतु लावणार नाही.

एक मात्र चिंचवडकर म्हणून बोलतो, राग मानू नका. हा सगळा अभिमान ज्या कारखान्यांचा आहे त्यातले बरेचसे पुण्यात नाहीतच, ते पिंपरी-चिंचवडला आहेत, चाकणला आहेत, रांजणगावला आहेत. पेठेतला माणूस "आमच्या पुण्याची इंडस्ट्री" म्हणतो आणि आम्ही चिंचवडला राहतो म्हणलं की तोच विचारतो, "एवढ्या लांब?" आम्ही पण तसेच, लक्ष्मी रोडला निघालो की म्हणतो "पुण्याला जाऊन येतो." 1982 पासून आमची महापालिका वेगळी आहे, श्रीमंत आहे म्हणून मिरवलीही आम्ही, पण नाव घ्यायची वेळ आली की पुणं. असो, भांडण जुनं आहे, आज मिटायचं नाही.

मला खरी काळजी मंदीची नाही, रस्त्याची वाटते. चाकण चौकात कंटेनर तासभर उभा राहतो, आत असलेला माल वेळेत पोचला नाही तर तिकडे लाइन थांबते, आणि लाइन थांबवल्याचा दंड कोणाला लागतो तर परत त्याच भोसरीवाल्याला. हिंजवडीत पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही मोबाइलवर बघताच. आलेल्या कंपन्या टिकवायच्या तर फ्लेक्स लावून काही होणार नाही, त्या चौकाचं काहीतरी करावं लागेल आणि लवकर करावं लागेल.

आणि अजून एक, हे जरा स्पष्टच. लहान उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असा 2006 चा कायदा आहे. भोसरीत कोणालाही विचारा 45 दिवस म्हणजे काय, तो हसतो. मंदी आली की मोठे लोक आधी खालच्याचं पेमेंट लांबवतात, 90 दिवस, 120 दिवस, आणि कोणी तक्रार करत नाही कारण पुढचं शेड्यूल त्यांच्याच हातात. मोठ्यांचा ताळेबंद अशा वेळी जो छान दिसतो ना, त्यात या पोरांचे अडकलेले पैसे पण असतात. तर ऐकणाऱ्यांमध्ये कोणी परचेसला किंवा अकाउंट्सला असाल, तर तेवढी मागच्या तिमाहीची बिलं सोडून द्या बुवा, दिवाळी तोंडावर आहे. नमस्कार.